आर्लिसच्या छतावरचं ऊन

तवा तापलेलाच होता, शेवटचा लेफ्सा त्याच्यावर फुगत होता, तेवढ्यात आर्लिसचा फोन वाजला.

"आई, लेफ्से करतेयस ना?" तिकडून तिचा मुलगा, कर्टिस.

आर्लिसने आधी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नेहमीचंच ॲरिझोनाचं वाळवंट, काटेरी झुडपं आणि लांबलांब उभ्या असलेल्या इतरांच्या कॅम्पर गाड्या, चाकांवरची घरंच. कर्टिस होता आल्बुकर्कीला, अख्ख्या दिवसाच्या वाटेवर.

"तुला कसं कळलं? वास आला की काय तिथपर्यंत?"

"वास कसला! तासभर झाला, चौदाशे वॅट खेचतेयस. एवढं खेचणारा तुझ्याकडे एक तवाच तर आहे. बरं, आता आवर हं. दुपारनंतर ढग येणारेत तिकडे."

आर्लिस हसली. पोरगं हुशार आहे म्हणाली, फोन ठेवला आणि लेफ्सा उलटायला वळली. तोवर तो करपला होता. बटाट्याची ती पातळ पोळी लाकडी पट्टीने उचलून तिने बाजूला टाकली. मग उगाचच जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. का ओढला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

हे सगळं नाताळात सुरू झालं होतं. नवरा नॉर्मन गेल्यानंतरही आर्लिसने हिवाळ्यात दक्षिणेला यायचं सोडलं नव्हतं. नॉर्थ डकोटाच्या बर्फात तिने उभा जन्म शाळेची बस चालवली होती. आता उरलेले हिवाळे उन्हात काढायचे, असं तिने आणि नॉर्मनने ठरवलं होतं. नॉर्मन नाही म्हणून ऊन थोडंच जाणार होतं कुठे? क्वार्ट्झसाईटच्या बाहेरची ती सरकारी मोकळी जमीन, तिथे ना नळ ना विजेची तार. ज्याची वीज त्याच्या छतावर. आर्लिसच्या छतावर नॉर्मनने बसवलेलं एकच पॅनल होतं आणि पलंगाखाली दोन जुन्या बॅटऱ्या. त्यांना वेळेवर पाणी पाजायचं. संध्याकाळी दोन दिवे, एक पंखा, फोनचं चार्जिंग, एवढ्यात भागायचं. बाकी फ्रीजपासून शेगडीपर्यंत सगळं गॅसवर. लेफ्सेचा विजेचा तवा कपाटात तळाशी पडून असायचा.

त्याआधीच्या हिवाळ्यात आर्लिस तापाने फणफणली. उठून दार उघडायचीही ताकद उरली नाही. शेजारच्या गाडीतला मर्ल डॉकरी, ओक्लाहोमाचा ट्रकवाला, निवृत्त माणूस, त्याला तिचं दार दिवसभर बंद दिसलं. त्याने दार वाजवलं, आत आला, सूप आणलं, डॉक्टरकडे नेलं आणि ती उठून बसेपर्यंत रोज येत राहिला. कर्टिसला त्या तापाचं कळलं ते पुष्कळ दिवसांनी, तेही आर्लिसच्या तोंडून बोलता बोलता निसटलं म्हणून. 

यंदा नाताळात तो स्वतःच आला. ट्रक भरून सामान घेऊन. छतावर चार मोठी पॅनल चढली. पलंगाखालच्या जुन्या बॅटऱ्या निघाल्या आणि तिथे नव्या लिथियमच्या बसल्या, हलक्या, पाणी न मागणाऱ्या. नवा इन्व्हर्टर आला. गॅसचा फ्रीज जाऊन विजेचा आला. कर्टिस तीन दिवस पोटावर पडून तारा ओढत होता, आणि आर्लिसला पोराचं कौतुक वाटत होतं. शेवटी त्याने इन्व्हर्टरशेजारी निळा दिवा लुकलुकणारी काडेपेटीएवढी एक डबी चिकटवली.

"हे काय?"

"काही नाही गं. याच्यामुळे मला माझ्या फोनवर दिसतं, बॅटरी किती भरलीय, काय चाललंय. काही बिघडलं तर मी तिथूनच सांगेन तुला."

नॉर्मनचं पॅनल आणि त्या बॅटऱ्या कर्टिसने परस्पर भंगारवाल्याकडे टाकल्या, हे तिला तो गेल्यावर कळलं. थोडं लागलं मनाला. पण त्याच संध्याकाळी तिने तवा काढला, वाळवंटात बसून लेफ्से केले, आणि सगळ्या शेजाऱ्यांना लोणी-साखर लावून वाटले. राग कधी विरघळला, कळलंही नाही.

पण त्या लेफ्सेच्या फोननंतर फोन वाढले.

"आई, काल दिवा फार वेळ चालू होता. झोप येत नाही का?"

"पुस्तक वाचत होते."

"आई, सकाळी कॉफी दोनदा केलीस?"

"कर्टिस, मी कॉफी दोनदा केली, आंघोळ एकदा केली. आणखी काही?"

"चिडतेस कशाला? मी फक्त बघतो गं."

'फक्त बघतो.' हे शब्द आर्लिसच्या डोक्यात कुसळासारखे रुतून बसले. शाळेच्या बसमध्ये मागे बसणाऱ्या टवाळ पोरांवर तिची आरशातून नजर असायची. ती पोरं सात-आठ वर्षांची होती. आर्लिस स्वतः सत्तरी ओलांडलेली होती आणि गाडी तिची होती.

जानेवारीच्या मध्यावर मर्लच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. त्याच्या बॅटऱ्या नॉर्मनच्या बॅटऱ्यांइतक्याच जुन्या. नव्या युमा शहरातून मागवल्या होत्या, पण यायला वेळ लागणार होता. दिवे गेले त्याचं मर्लला काही नव्हतं; तो कंदील लावायचा. पंचाईत वेगळीच होती. झोपेत त्याचा श्वास अडकायचा, म्हणून रात्रभर नाकातोंडावर एक यंत्र लावून झोपावं लागायचं. ते यंत्र विजेवर चालायचं. जनरेटर रात्री लावायला बंदी, आणि लावला असता तरी सगळ्या वस्तीने त्याला दगड मारले असते.

हे आर्लिसला कळलं ते त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून. विचारलं तर आधी टाळाटाळ.

"झोप नीट नाही, एवढंच."

"मर्ल, मी ट्रक ड्रायव्हर नसले तरी बस चालवलीय. पेंगणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. खरं सांग."

खरं कळल्यावर तिने कपाटातून लांब केशरी वायर काढली आणि त्याच्या हातात दिली. "हे टोक तुझ्या खिडकीतून आत घे. दुसरं माझ्याकडे लागेल."

"छे छे. तुझी वीज मी कशाला..."

"माझ्या छतावर दिवसभर ऊन पडतंय. सगळं काय मी एकटी खाणार आहे? नव्या बॅटऱ्या येईपर्यंत राहू दे. माझा शब्द आहे."

मर्लने वायर घेतली. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, शीळ घालत बाहेर आला, तेव्हा आर्लिसला वाटलं, नव्या पॅनलांचा खरा उपयोग आज झाला.

दोन दिवसांनी कर्टिसचा फोन. "आई, रात्रभर काय चालू असतं तुझ्याकडे? संध्याकाळपासून सकाळपर्यंत सारखं काहीतरी खेचतंय."

 मर्लचं आजारपण मर्लचं. त्याने ते वस्तीतही कुणाला सांगितलं नव्हतं, तिने का सांगावं? "माझं आहे ते. चालू दे."

"पण काय आहे? हीटर लावलास का? बॅटरी सकाळी किती खाली येते माहितीय तुला?"

"आणि दुपारपर्यंत परत भरते, तेही माहितीय. कर्टिस, मला माझ्या घरात काय चालू ठेवायचं ते मी ठरवेन."

"ठीक आहे, ठीक आहे," तो म्हणाला. पण त्या 'ठीक आहे'चा सूर तिला ओळखीचा होता. लहानपणी भाजी खाल्ली म्हणून सांगायचा आणि ती कुत्र्याला घालायचा, तेव्हा हाच सूर असायचा.

मग ढग आले. त्या भागात विरळा होतं असं; आभाळ राखाडी झालं आणि तसंच राहिलं. आर्लिस काळजीपूर्वक वागत होती. तवा बंद, टीव्ही बंद. बॅटरीचा आकडा ती भिंतीवरच्या मीटरवर स्वतः बघत होती. उतरत होता, पण बेताने. मर्लचं यंत्र चालायला भरपूर होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. आर्लिसने दार उघडलं तर मर्ल उभा. डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि हातात नीट गुंडाळलेली केशरी वायर.

"ही तुमची वायर," तो म्हणाला.

आर्लिस दचकली ती त्या 'तुमची'ने. चार हिवाळे ते एकमेकांना अरेतुरे करत होते.

"काय झालं?"

"काही नाही. तुमची वीज, तुमचा अधिकार. ढगाळ दिवस आहेत, मला कळतं. फक्त आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मी बसून झोपलो असतो. झोपेत गुदमरून उठायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला... असो."

"मर्ल, मी काहीही बंद केलेलं नाही!"

"मग आपोआप झालं असेल," मर्ल म्हणाला. वायर पायरीवर ठेवली आणि तो चालायला लागला. म्हातारा माणूस, पाय ओढत गेला.

आर्लिस आत धावली. दिवा लागत होता, फ्रीज घरघरत होता, बॅटरीत अर्ध्याच्या आसपास वीज होती. पण भिंतीतले प्लग मेलेले. कॉफीचं मशीन लावून पाहिलं, ढिम्म. ती पलंगाखाली वाकून इन्व्हर्टर पाहायला लागली, आणि तेवढ्यात, तिने कशालाही हात लावलेला नसताना, इन्व्हर्टरने पीप केलं आणि कॉफीचं मशीन उजळलं.

ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. समोर निळा दिवा लुकलुकत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तरी कुणीतरी आत्ता तिच्या घरातली कळ दाबली होती.

तिने फोन उचलला.

"कर्टिस, रात्री माझी वीज तू बंद केलीस?"

"अगं हो, मीच," कर्टिस खुशीत म्हणाला. कुठेतरी गाडी चालवत होता. "काळजी करू नको. फ्रीज आणि दिवे चालू ठेवलेत. फक्त प्लग रात्री दहा ते सकाळी सहा बंद राहतील असं लावून दिलंय. बॅटरी किती उतरली होती बघितलंस ना? लिथियम आहे म्हणून काय झालं, जपायला नको?"

"तू फक्त बघतोस म्हणाला होतास."

"हो, पण गरज पडली तर..."

"कुणाला गरज पडली? मला? मी तुला फोन केला होता?"

"आई, तू ऐकत नाहीस. विचारलं तर सांगत नाहीस. रात्रभर काय चालू असतं ते मला—"

"माझ्या घराची कळ दाबायला तुला कुणी सांगितलं?" आर्लिसचा आवाज असा चढला, की पन्नास पोरांची बस गप्प करणारा आवाज अजून शाबूत आहे हे तिचं तिलाच कळलं. "तुझ्या घरी येऊन मी कधी तुझा दिवा मालवला? तुझी बायको कपडे धूत असताना मशीन बंद केलं? मी शब्द दिला होता, कर्टिस. माणसाला शब्द दिला होता, आणि तू तुझ्या ऑफिसात बसून तो मोडलास. मला न विचारता, मी झोपेत असताना!"

"कुठल्या माणसाला?" कर्टिसचा सूर एकदम बदलला. "आई, तुझ्याकडे कोण राहतंय?"

आर्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन बंद करून उशीखाली खुपसला.

सकाळी शेजारीण लोरेटाच्या गाडीपुढे सगळे खुर्च्या टाकून कॉफी प्यायचे. आर्लिस गेली तेव्हा बोलणं थांबलं. लोरेटाला वस्तीतल्या प्रत्येकाच्या भांड्यात काय शिजतंय ते माहीत असायचं. तिने पहाटे मर्लला वायर परत करताना पाहिलं होतं.

"ढगांमुळे सगळ्यांचीच ओढाताण आहे, आर्लिस," लोरेटा गोड आवाजात म्हणाली. "कुणी तुला नावं ठेवत नाहीये."

म्हणजे ठेवून झाली होती.

"वायर मी काढली नाही," आर्लिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या मुलाने आल्बुकर्कीला बसून, फोनवरून माझी वीज तोडली."

तिला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणीतरी म्हणेल, काय हा आगाऊपणा! पण सगळ्यांचे चेहरे मऊ झाले.

"अगं, म्हणजे रोज बघतो तो तुझ्याकडे?" एक बाई म्हणाली. "नशीबवान आहेस. माझा मुलगा वाढदिवसाला कार्डही पाठवत नाही."

"एवढं करून दिलं त्याने, वरून काळजी घेतो," लोरेटा म्हणाली. "आमच्याकडे बघणारं आहे का कुणी?"

आर्लिसला हसावं की कप फेकावा कळेना. ती म्हणाली, "तुम्हाला हवा असेल तर देते पाठवून. सगळ्यांच्या पलंगाखाली एक-एक डबी बसवून देईल. तुम्ही किती वाजता उठता, किती वेळा पाणी उकळता, कुणासाठी दिवा ठेवता, सगळं बघेल. आणि नाही पटलं तर तुमचाही दिवा मालवेल. घेताय?"

 लोरेटाने कॉफीत साखर ढवळायला सुरुवात केली, साखर घालायची विसरून.

आर्लिस उठली ती सरळ मर्लच्या दाराशी. दार वाजवलं.

"वायर मी तोडली नाही, पोराने तोडली. फोनवरून. मला माहीत नव्हतं त्याला ते करता येतं. तुला खरं वाटो न वाटो. पण आता मी ती डबी काढणार आहे, आणि मला उजेड धरायला माणूस हवाय. येतोस?"

मर्लने तिच्याकडे पाहिलं.  मग टोपी डोक्यावर ठेवली.

"मी काढून देतो ना. तारांचं काम आहे."

"तुझ्या तारांचं काम तर सगळ्या वस्तीला माहितीय, मर्ल. त्यापायी तर माझी वायर घ्यावी लागली तुला. तू टॉर्च धर."

मर्ल हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

पलंगाची फळी उचलून आर्लिस आत डोकं घालून बसली. नॉर्मनने जुनं काम केलं तेव्हा टॉर्च तिच्या हातात होती, आणि नुसती टॉर्च धरणारी बाई कधी नव्हती ती. कुठली तार कुठे जाते हे ती तेव्हाच विचारून घ्यायची. कर्टिसने काम स्वच्छ केलं होतं, हे तिला कबूल करावंच लागलं. प्रत्येक तारेला चिठ्ठी, प्रत्येक जोड घट्ट. कर्टिसने ठेवलेली माहितीची पुस्तिका तिने मांडीवर घेतली. इन्व्हर्टरला रात्री बंद राहायचा हुकूम होता तो तिने इन्व्हर्टरवरच्या बटणांनी पुसून टाकला. मग डबीची बारीक तार ओढली. निळा दिवा गेला. बाकी सगळं चालूच राहिलं. फ्रीजला कळलंसुद्धा नाही.

"झालं?" मर्ल म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच," आर्लिस म्हणाली. "एवढ्याशा तारेने तो माझ्या घरात शिरला होता."

वायर पुन्हा मर्लच्या खिडकीतून आत गेली. फोन मात्र उशीखालीच राहिला. आर्लिसने ठरवलं होतं, आज कुणाशी बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडलं. आर्लिस आणि मर्ल बाहेर खुर्च्या टाकून लेफ्से खात होते, तेव्हा धुळीचा लोट उठवत कर्टिसचा ट्रक आला. तो नीट थांबलाही नव्हता, तोच कर्टिस उडी मारून खाली उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, चेहरा पांढराफटक. आर्लिसला खुर्चीत बघून तो मध्येच थबकला. जणू पाय मातीत रुतले.

"तू बरी आहेस," तो म्हणाला.

"बरी आहे. खाल्लंयस काही?"

"काल दुपारपासून सगळं शून्य झालं! फोनवर सगळं शून्य! तुला तीस वेळा फोन केले. मी अख्खा रस्ता... मला वाटलं तू..."  मग त्याची नजर मर्लवर गेली, लेफ्सेच्या ताटलीवर गेली, खिडकीतून निघून शेजारच्या गाडीत जाणाऱ्या केशरी वायरीवर गेली. आणि भीतीचा क्षणात राग झाला. "आणि तू इथे बसून नाश्ता करतेयस! याच्यासाठी होतं ते सगळं? माझ्या बॅटरीवर हा माणूस—"

"तुझ्या?" आर्लिस उभी राहिली.

"तुझ्या, तुझ्या! तेच म्हणायचं होतं मला!"

"नाही, बरोबर बोललास तू. तुला तसंच वाटतं. तू दिलंस म्हणून तुझं. पॅनल तुझं, बॅटरी तुझी, आणि त्यावर जगणारी आईही तुझी, तू लावशील तेव्हा लागेल आणि मालवशील तेव्हा मालवेल. हे मर्ल डॉकरी. मागच्या वर्षी मी तापात पडले तेव्हा यांनी मला उचलून डॉक्टरकडे नेलं. रात्री यांचा श्वास अडकतो. त्याच्या यंत्रासाठी ही वायर आहे. परवा रात्री तू जे बंद केलंस ना, ते यांचं श्वासाचं यंत्र होतं."

कर्टिसच्या चेहऱ्यावरचा राग गळून पडला. तो मर्लकडे बघत राहिला.

"मला... मला काय माहीत," तो पुटपुटला.

"हेच तर. तुला काय माहीत! चौदाशे वॅट दिसतात तुला, लेफ्से कुणासाठी केले ते दिसत नाही. आणि माहीत नसताना कळ दाबलीस."

मर्ल खुर्चीत अवघडून बसला होता. "जाऊ दे, आर्लिस. मी काही मेलो नाही."

"तू गप्प बस. हे आमचं आहे." मग कर्टिसकडे वळून: "यांची माफी माग."

आणि तो पन्नाशीला आलेला, केस विरळ झालेला माणूस आईपुढे शाळेतल्या पोरासारखा उभा राहून मर्लला म्हणाला, "माझं चुकलं, काका. मी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," मर्ल शांतपणे म्हणाला. "खूप भीती वाटते त्यात. बस. लेफ्सा खा."

कर्टिस बसला नाही. तो आत गेला. आर्लिस थोड्या वेळाने मागून गेली तर तो पलंगाच्या कडेला, हातात ती मेलेली डबी घेऊन बसला होता.

"रोज सकाळी तू कॉफी लावतेस," तो खाली मान घालून म्हणाला. "फोनवरची रेघ वर चढते. ती बघितल्यावर मी दात घासायला जातो. मागच्या वर्षी तू आत पडून होतीस आणि मी तिकडे मजेत होतो, काही पत्ता नव्हता. बाबा गेले तेव्हाही मी पोचलो नाही. मला ती रेघ हवी आहे, आई. कळ काढून टाकतो, नुसतं बघायचं ठेवतो. शप्पथ."

 ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, ठेवलाही. पण उत्तर बदललं नाही.

"नाही."

"का पण? मी काही करणार नाही म्हणतोय ना!"

"कारण तू रेघ बघतोस आणि फोन केल्यावर बॅटरीचं बोलतोस. नाताळपासून एकदा तरी विचारलंस, आई, कशी आहेस म्हणून? हीटर लावलास का, दिवा का चालू, कॉफी दोनदा का. मी रेघ नाही, कर्टिस. जिवंत आहे का बघायचं असेल तर फोन कर आणि विचार."

"आणि तू उचलला नाहीस तर?"

"तर परत कर. नाहीच उचलला तर मर्लला कर, नंबर देते. मी मेले तर इथे कळेल कुणाला तरी. आणि तुलाही कळेल. दोन दिवस उशिरा कळलं म्हणून मी जास्त मेलेली नसेन."

"हे विनोदाचं नाहीये."

"मीही विनोद करत नाहीये."

तो चिडला. पुष्कळ बोलला. म्हणाला, तू हट्टी आहेस, बाबाही तुझ्यापुढे थकले होते. आर्लिसही बोलली, नॉर्मनचं पॅनल न विचारता भंगारात टाकलंस, ते सुद्धा काढलं. कर्टिसला ते आठवतही नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचाच तिला जास्त राग आला. दुपारी तो समोरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपला, इतका गाढ की माश्या तोंडावर बसल्या तरी हलला नाही. आर्लिस माश्या हाकत बसली होती आणि मनात भांडण चालूच होतं.

संध्याकाळी त्याने डबी खिशात घातली. "घेऊन जातो मग."

"जा घेऊन."

त्याने मिठी मारली, पण अंग ताठ होतं. ट्रक निघाला आणि धूळ खाली बसेपर्यंत आर्लिस दारात उभी राहिली.

पुढे कितीतरी दिवस फोन आला नाही. तिनेही केला नाही. लोरेटा एकदा म्हणाली, बिचारा इतक्या लांबून आला आणि तू रिकाम्या हाताने परत पाठवलास. आर्लिस तिला म्हणाली, रिकाम्या हाताने नाही, त्याची डबी घेऊन गेला तो. त्यानंतर लोरेटा त्या विषयावर बोलली नाही. निदान तिच्यासमोर नाही.

फेब्रुवारीत मर्लच्या बॅटऱ्या आल्या. बॅटऱ्यांबरोबर त्याने एक पॅनलही मागवलं होतं, आणि ते छतावर चढवायला आर्लिसच शिडीवरून वर गेली. मर्ल खालून सूचना देत होता, आणि एकही ऐकली जात नव्हती. तिने पॅनल धरणारी एक पट्टी बसवली, तिच्या भोकांभोवती डांबरासारखा तो चिकट लेप भरला, आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"आई," कर्टिस म्हणाला.  तिकडे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. "कशी आहेस?"

"बरी आहे. गुडघा दुखतोय थोडा."

"का? काय केलंस?"

"छतावर चढलेय."

"छतावर? कुठल्या छतावर? आई, खाली उतर आधी! कोण आहे तिथे? शिडी कुणी धरलीय?"

आर्लिसच्या ओठांवर उत्तर आलं होतं, तिखट, पूर्वीसारखं. ते तिने गिळलं, पण सगळं नाही. "मर्लच्या छतावर. शिडी त्याने धरलीय. आणि कर्टिस, मला ओरडू नकोस, माझे दोन्ही हात डांबराने माखलेत आणि फोन घसरतोय."

तिकडे तो दीर्घ श्वास घेताना ऐकू आला. बरंच काही बोलायचं होतं त्याला, हे तिला कळलं. तो बोलला नाही.

"किती पॅनल बसवतेयस?" त्याने शेवटी विचारलं.

"एकच. ते कोपऱ्यातले स्क्रू पकडत नाहीयेत. छताचं लाकूड कुजलंय बहुतेक."

"मग तिथे बसवू नको. चार इंच आत घे, आडवी पट्टी असेल तिथे. ठोकून बघ, आवाज भरीव येतो."

आर्लिसने ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला. "बरं," ती म्हणाली, "आत घेते. आता ठेव फोन, काम आहे."

"रविवारी करतो," कर्टिस म्हणाला.

"कर," ती म्हणाली, आणि खाली उभ्या मर्लकडून दुसरी पट्टी घ्यायला हात पुढे केला.